वाट्याचा ताड

चांदणीच्या माहेरचा ताड कडू होता, आणि ही गोष्ट वरसाव्यात सगळ्यांना ठाऊक होती. उन्हाळ्यात त्याचे ताडगोळे बाकीच्या ताडांसारखेच गोड आणि पाणीदार. पण भादव्यात फळ पिकून धप्पकन खाली पडलं की त्याचा केशरी गर जिभेला असा काही डसायचा की गुरंसुद्धा एकदा हुंगून पुढे जायची. लोक काशीनाथला म्हणायचे, "तोडून टाक ना तो, फुकट जागा अडवून उभा हाय." काशीनाथ म्हणजे चांदणीचा बाप. तो हसून सोडून द्यायचा. मिठागरात उभी हयात गेलेला माणूस. खाऱ्या पाण्यात राबून त्याचे घोटे कायम सुजलेले असत. त्याचं ठाम म्हणणं होतं, की भादव्यात तो कडू गर पोटात गेला की सूज उतरते. उतरायची की नाही, देव जाणे. पण त्या दिवसांत बाप अंगणात जरा सरळ चालायचा, हे चांदणीने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोरगी शिकली. रसायनशास्त्र घेऊन शिकली आणि कॉलेजात शिकवायला लागली. लग्न होऊन मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आली. नवरा यतीन मूळचा गिरगावचा, बँकेतला, सरळ माणूस. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने पीएचडीला नाव घातलं तेव्हा विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. पिकल्या ताडाच्या गरातले अँटीऑक्सिडंट आणि सूज कमी करणारे गुण. आजकाल अँटीऑक्सिडंट हा शब्द चहाच्या पुडीपासून तोंडाच्या क्रीमपर्यंत ज्याच्या त्याच्या कपाळी चिकटवलेला असतो, त्यामुळे स्टाफरूममध्ये थोडी चेष्टा झाली. चांदणीला चेष्टेचं काही वाटलं नाही. तिला जगाला औषध द्यायचं नव्हतं. बाप म्हणायचा ते खरं होतं की बिचारा नुसता मनाची समजूत घालायचा, एवढंच तिला बघायचं होतं. बाप तोवर गेला होता.

आता बाप गेल्यावर जे होतं ते झालं होतंच. बाराव्याचं जेवण पचायच्या आत धाकटा भाऊ हितेश कागद घेऊन आला होता. आपल्याकडे चांगल्या घरच्या चांगल्या मुली हक्कसोडीवर सही करतात. जी करत नाही तिच्याबद्दल लग्नाकार्यात बायका काय बोलतात, हे चांदणीने लहानपणापासून ऐकलं होतं. तिने सही केली. रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्या उतरताना तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "जमीन तुझी. पण कडवा ताड माझा. दर भादव्याला माझ्या दारात फळं आली पाहिजेत."

"बाबांची शप्पथ, ताय," हितेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. खोटी माणसं फार सोपी असतात.

तसाही तो वाटा तिचाच होता. झाडाचं पिकलं फळ सासरी गेलेल्या लेकीला पोचवायची त्यांच्या घरात जुनी रीत होती. आत्याला आजोबा पोचवायचे, मग काशीनाथ पोचवू लागला. त्यात एक गोष्ट फार कडक पाळली जायची. लेकीने वाटा मागायला जायचं नाही. भावाने उंबऱ्यात आणून द्यायचा. मागायला गेली ती भिकारीण, आणि आणून दिला तो मान. एवढी शिकलेली चांदणी हेही शिकून बसली होती.

पहिल्या वर्षी माहेरचं घर उभं होतं, ताडही होता. गौरीच्या आधी हितेश स्कूटरवर पोतं बांधून आला आणि तिच्या दारात उतरवून गेला. चांदणीने गर काढला, चोथा वेगळा केला, अर्क बनवला. चाचणीच्या जांभळ्या द्रावणात तो अर्क टाकला की रंग उडून पिवळट व्हायला हवा. जेवढा लवकर उडेल तेवढं फळात काही आहे. रंग बघता बघता उडाला. मग सुजेची चाचणी. अंड्याचं पांढरं गरम केलं की ते गढुळतं, साकळतं. अर्काने ते साकळणं जितकं थांबेल तितका त्यात गुण. ते बरंच थांबलं. चांदणी नळी उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होती. काचेच्या नळीतलं ते. माणसाच्या घोट्यात काय होतं हा वेगळा प्रश्न. हे तिला कळत होतं आणि तरी तिच्या डोळ्यांना धार लागली.

तिच्या मार्गदर्शक मृणालिनी मॅडम मात्र रडणाऱ्यातल्या नव्हत्या. "एका वर्षाचा आकडा म्हणजे योगायोग," त्या म्हणाल्या. "तीन हंगाम. तेच झाड. मग बोल."

दुसऱ्या वर्षी जमीन बिल्डरला गेली. घर पाडलं, आणि हितेश आईला घेऊन काशिमिऱ्याला भाड्याच्या फ्लॅटात आला. माहेर असं लिफ्टने वर गेलं. चांदणीला त्याचं दुःख झालं, पण सही आपणच केलीय, आता बोलायचं कुणाला? ताडाचं काय, एवढं तिने विचारलं.

"झाडाला हात लावायचा नाय, अशी अटच टाकलीय ना बिल्डरला," हितेश म्हणाला. "कोपऱ्यात हाय. तू टेन्शन नको घेऊ."

एकदा तरी बघून येऊ म्हणाली, तर आई मध्ये पडली. आई रंभा, सत्तरीची, गुडघे फुगून नारळाएवढे झालेले. "कुटं जातेस गो बाय, खड्डं खणून ठेवलेत समदीकडं. पाय मोडून घेशील." मॅडमना झाडाचा फोटो हवा होता, तोही हितेशने मोबाइलवर पाठवला. त्यात ताडाचा शेंडा आणि मागे आभाळ, एवढंच होतं. चांदणीने तो प्रबंधात लावला. आणि फळं तर आलीच, वेळेवर, उंबऱ्यात, आदल्या वर्षापेक्षा मोठी.

पण जांभळा रंग काही उडेना. म्हणजे उडायचा, पण रखडत, कुणी ढकलल्यासारखा. अंड्याचं पांढरं खुशाल साकळायचं. आकडे निम्म्यावर आले. चांदणीने पुन्हा केलं, पुन्हा तेच. रसायनाची बाटली जुनी असेल म्हणून नवी मागवली. मग कॉलेजच्या फ्रिजवर संशय आला, वीज जाते, गर खराब होत असेल. मग पाण्यावर, मग मशीनवर, मग स्वतःच्या हातावर. झाड म्हातारं झालं असेल, शेजारी खोदकाम झाल्याने मुळं दुखावली असतील, असंही तिने टिपून ठेवलं. तिसऱ्या वर्षी आकडे पुन्हा वेगळे आले, पहिल्याशी जुळेनात आणि दुसऱ्याशीही. मृणालिनी मॅडमनी कागद टेबलावर टाकले. "चांदणी, एक तर तुझं पहिलं वर्ष चुकलंय, नाही तर तुझ्या हातात खोट आहे. प्रबंध द्यायला थोडे दिवस राहिलेत. काय ते शोध."

तिने सगळ्यांवर संशय घेतला, एक माहेर सोडून.

फळ चाखून बघावं, हे तिच्या मनातही आलं नाही. प्रयोगशाळेत तोंडात काही घालायचं नाही, हा पहिला नियम दरवर्षी तीच मुलांना शिकवायची. एरवी घरी गौरीला ताडाच्या पातोळ्या व्हायच्या. कडू गर फडक्यात रात्रभर टांगून, जमेल तेवढा कडवटपणा उतरवून, गूळ आणि तांदळाचं पीठ घालून हळदीच्या पानात वाफवायच्या. पण दुसऱ्या वर्षी यतीनच्या काकांचं सुतक होतं, काही केलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मॅडमची बोलणी खाऊन ती घरी आली ती गौरीच्या जेवणाच्या आदल्या दिवशी. थोडा गर उरला होता. डोकं दुखत होतं, फडक्यात टांगायचं राहूनच गेलं. सकाळी तसाच पिठात कालवला आणि पातोळ्या केल्या.

यतीनचं आणि त्या पातोळ्यांचं एक ठरलेलं होतं. सासरवाडीचा मान म्हणून तो एक खायचा. औषध घेतल्यासारखी गिळायचा, वर पाणी प्यायचा आणि "छान झालीय" म्हणायचा. त्या दिवशी त्याने एक खाल्ली. मग न बोलता दुसरी घेतली. मग ताट पुढे करून म्हणाला, "अजून आहे का गं? या वेळी मस्त झाल्यात."

चांदणी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याच्या ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकला. गोड. भांड्याला चिकटलेला कच्चा गर बोटाने चाटला. तोही गोड, नुसता गोड, कडूपणाचा मागमूस नाही. ज्या झाडाने तिच्या बापाला, आज्याला आणि अख्ख्या वरसाव्याला कधी गोड घास दिला नाही, ते झाड घर पाडल्यावर एकदम प्रेमळ झालं होतं काय?

"काय झालं?" यतीनने विचारलं.

"जेव तू," ती म्हणाली आणि चपला घालून खाली उतरली.

रिक्षा घोडबंदर रोडवरून वरसाव्याच्या आत वळली. खाडीकडच्या अंगाला, जिथे त्यांचं अंगण होतं, तिथे पत्रे ठोकलेले होते आणि फाटकावर मोठी पाटी. आत बिल्डिंग कमरेएवढी वर आली होती. विक्रीच्या ऑफिसपुढे हिरवळ अंथरून कुंड्यांतून कुठल्या तरी परदेशी पामची नाजूक झाडं ओळीने मांडली होती. चांदणीने मान वर केली. वर आभाळ होतं आणि क्रेन होती.

"यहाँ कोने में ताड़ का पेड़ था ना?" तिने वॉचमनला विचारलं.

"पेड़?" वॉचमनने मागे वळून बघितलं, जणू झाड कुठे सांडलं असावं. "मैं तो शुरू से हूँ मैडम, पत्रा लगा तब से. यहाँ कोई पेड़ नहीं देखा मैंने."

काशिमिऱ्याच्या फ्लॅटात टीव्ही चालू होता. हितेश सोफ्यावर आडवा, रंभा खाली चटईवर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत बसलेली. लेक सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने, घरच्या साडीवर आलेली पाहून म्हातारीने तेलाची वाटी बाजूला सरकवली. तिला कळलं. चांदणीने तोंड उघडण्याआधीच कळलं, आणि ते तिला कळलेलं चांदणीला दिसलं.

"हित्या, ताड कुठाय?" इतकी वर्षं कॉलेजात घासून पुसून ठेवलेली तिची भाषा दारातच गळून पडली. "माजा ताड कुटं हाय?"

हितेश उठून बसला. आधी हसायला गेला, मग टीव्ही बंद केला. "ताय, बस ना आधी. तो ना, पार्किंगमध्ये येत व्हता. नकाशात. मी लय भांडलो त्यांच्याशी."

"अट टाकली व्हतीस ना?"

"टाकली व्हती. तोंडी."

"आणि फळं? दोन वर्सं काय आणून टाकलंस माज्या दारात?"

"फळंच आणली ना!" हितेशचा आवाज चढला. खरंच दुखावला होता तो. "गोराईला गेलो, उत्तनला गेलो. पिकलेला ताड बाजारात कुटं मिळतो सांग? उन्हाळ्यातच सगळे ताडगोळे काढून विकतात. एकेका माणसाच्या पाया पडून झाडावर घड ठेवायला लावला. तुज्यासाठी. फोटो पाठवला. आणि फळ ते फळ, ताय. तुला काय घासून बघायचं व्हतं त्यात?"

यावर चांदणीला हसू फुटलं, वाईट हसू. घासूनच तर बघत होते रे, ती मनात म्हणाली. दोन वर्षं रात्रंदिवस तुझं पाप नळीत घालून घासून बघत होते आणि माझ्याच हाताला दोष देत होते.

"कुणाकुणाची झाडं व्हती ती? नावं सांग."

"आता नावं कुटं लक्षात ऱ्हातात?"

ती आईकडे वळली. "आये, तुला ठावं व्हतं."

रंभा खाली बघून गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "मीच निवडली फळं. हा पोतं भरून आनायचा, त्यातली मी चाखून, गोड गोड बघून वेगळी काढायची. त्या जावयाला न्हाय आवडत कडू, मला काय म्हाईत न्हाय व्हय? जलमभर तुज्या बापानं आमाला कडू चारलं. पोरीच्या घरी तरी गोड जाऊं दे म्हटलं."

चांदणी भिंतीला टेकली. चोर पकडायला आली होती आणि चोराने मायेनं, चाखून, वेचून चोरी केली होती. आता मारायचं कुणाला?

"मला सांगायचंस ना, आये. एका शब्दानं सांगायचंस."

"सांगून काय व्हनार व्हतं? तू रडली असतीस, भावाशी भांडली असतीस, जानं-येनं तुटलं असतं." म्हातारीने आता वर बघितलं. डोळे कोरडे होते. "आनि खरं ऐकायचंय तुला? तुज्या सहीनं पडला तो ताड. सही नसती दिलीस तं कुनाची हिंमत व्हती हात लावायची? तवा मोठी दिलदार झालीस. मी बी गप ऱ्हायली, म्हटलं गुनाची पोर हाय. आता कुनाच्या नावानं बोंबलतेस?"

आईने वाटी पुन्हा ओढली आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं.

मृणालिनी मॅडमना तिने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पहिल्यांदाच खुर्ची तिच्याजवळ ओढली. पण शास्त्राला गहिवर चालत नाही. दुसरं आणि तिसरं वर्ष बाद. कुठल्या झाडाची फळं तेच माहीत नाही, तर लिहायचं काय? आणि पहिलं वर्ष, ते खरं, चमकदार वर्ष, एकटं पडलं. ते पुन्हा करून दाखवायला झाड नाही. गोड ताडापेक्षा कडव्या ताडात गुण जास्त असेल, असं त्या आकड्यांकडे बघून वाटत होतं. पण वाटण्याला पदवी मिळत नाही. "कडू फळाचं दुसरं झाड शोध," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून सुरू कर." चांदणीने प्रबंधातून तो शेंडा आणि आभाळाचा फोटो काढून टाकला. बाप खरं बोलत होता की नाही, ते पुन्हा अधांतरीच राहिलं.

वर्षभर ती माहेरी गेली नाही. आईचा फोन आला की तब्येत विचारायची आणि ठेवायची. हितेशचा उचलायची नाही.

आणि भादव्यात, गौरीच्या आधी, दाराची बेल वाजली. दारात हितेश उभा. घामाघूम, शर्टाला मातीचे डाग, पायाशी पोतं. त्याने पोतं उंबऱ्याच्या आत नाही, बरोब्बर उंबऱ्यावर ठेवलं. रीत तो विसरला नव्हता.

"ताय, बोलू नकोस माज्याशी, चालेल. पन हे घे. या वेळी कडवा आणलाय. लय फिरलो. शेवटी उत्तनच्या पुढं एका वाडीत सापडला. मी स्वतः चाखला, थू थू करत पाणी प्यालो. सेम आपल्यासारखा." त्याचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. "झाडाखाली उभा राहून वेचलाय. झाडाच्या खोडाचा पण फोटो काढलाय, पुरा. पाहिजे तर तुला घेऊन जातो, तू बघ, मोज, काय करायचं ते कर. झाड पक्कं हाय. कुठं जात न्हाय."

चांदणी वाकली. एका फळाचं साल नखाने सोललं आणि केशरी धागा जिभेवर ठेवला. कडू. जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं, ओळखीचं, बापाचं कडू. क्षणभर, एक क्षणभरच, तिला वाटलं की भाऊ आपला आहे, चुकतो, पण शेवटी आपला आहे. तिने पोत्याला हात घातला.

"कुणाचं झाड आहे?" तिने विचारलं. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"राघो म्हणून हाय एक." ताई बोलली, म्हणून हितेशची कळी खुलली. "चांगला माणूस, बिचारा फसलाय. त्याचीपण जागा बिल्डर घ्यायला तयार हाय, कधीपासून. पन त्याची बहीण हाय ना, ती सही देत न्हाय. कोर्टात गेलीय भावाच्या विरुद्ध, बोल आता! सगळी वाडी शिव्या घालते तिला. लय हलकट बाई, ताय. तिच्यापायी अडकून पडलंय सगळं, नायतर ते झाडपण कधीच गेलं असतं."

चांदणीचा हात पोत्यावर तसाच राहिला.

"तिचं नाव काय?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"त्या बाईचं."

हितेशने आठवून बघितलं. मग खांदे उडवले. "नाव काय म्हाईत न्हाय. राघोची बहीण."